ग्रुनफेल्ड बचाव

ग्रुनफेल्ड बचाव हा बुद्धिबळाच्या डावातील सुरुवातीचा एक प्रकार असून तो काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याचा बचाव आहे. नावात 'बचाव' असला तरी त्याचे स्वरूप प्रतिहल्ल्याचे आहे. पटाचे केंद्र पहिल्या काही खेळींत पांढऱ्याच्या स्वाधीन करायचे आणि ते त्याला सुखाने सांभाळू द्यायचे नाही, हे या बचावाचे मुख्य सूत्र होय. ऑस्ट्रियाचा बुद्धिबळपटू अर्न्स्ट ग्रुनफेल्ड याने १९२२ मध्ये मोठ्या स्पर्धांत तो खेळून प्रचलित केला, म्हणून त्याला ग्रुनफेल्डचे नाव मिळाले. तथापि याच खेळींचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना डाव १८५५ मध्ये कलकत्त्यात खेळला गेला. त्या डावात काळी मोहरी महेशचंद्र बंद्योपाध्याय या बंगाली खेळाडूकडे होती.

खेळी: १. डी४ घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ डी५
गट: इंडियन बचाव
आंतरराष्ट्रीय वर्गीकरण: डी८० ते डी९९ (नव-ग्रुनफेल्ड: डी७० ते डी७९)
नाव: अर्न्स्ट ग्रुनफेल्ड (१८९३–१९६२) याच्यावरून

खेळी लिहिण्याची पद्धत

या लेखात पटाच्या उभ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे ए ते एच या अक्षरांनी आणि आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूपासून १ ते ८ या अंकांनी दाखवल्या आहेत. राजासाठी रा, वजिरासाठी व, हत्तीसाठी ह, उंटासाठी उं आणि घोड्यासाठी घो अशी आद्याक्षरे वापरली आहेत. प्याद्यासाठी अक्षर नाही. केवळ घराचे नाव असेल तर ती प्याद्याची खेळी समजावी. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह आणि # म्हणजे मात. खेळीच्या क्रमांकानंतर तीन टिंबे असल्यास ती खेळी काळ्याची असते.

मूळ कल्पना

पटाच्या मधोमध असलेली ई४, डी४, ई५ आणि डी५ ही चार घरे म्हणजे केंद्र. ज्याची मोहरी केंद्रात स्थिरावतात त्याला दोन्ही बाजूंना लवकर जाता येते आणि प्रतिस्पर्ध्याची कोंडी करता येते. म्हणून आपलीही प्यादी आरंभीच केंद्रात रोवावीत, अशी शिकवण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली होती.

ग्रुनफेल्ड बचावात काळा या शिकवणीच्या उलट वागतो. तिसऱ्या खेळीला तो डी५ वर प्यादे पुढे करतो, पण ते तेथे टिकवण्याचा त्याचा आग्रह नसतो. पांढऱ्याने ते मारले की काळा घोड्याने परत मारतो. मग पांढरा ई४ खेळून घोड्याला हुसकावतो, तेव्हा घोडा मागे न फिरता सी३ वरच्या घोड्याशी मारामारी करतो:

४. सी×डी५ घो×डी५ ५. ई४ घो×सी३ ६. बी×सी३ उं-जी७

या क्षणी पट पाहणाऱ्या नवख्या खेळाडूला काळ्याची स्थिती वाईट वाटेल. पांढऱ्याची सी३, डी४ आणि ई४ ही तीन प्यादी हातात हात घालून उभी आहेत. काळ्याचे केंद्रात एकही प्यादे नाही. परंतु जी७ वरच्या उंटापासून निघालेली तिरपी रेषा थेट डी४ वर आणि त्यामागे सी३ व ए१ वर जाते. डी पट्टीवरचे काळे प्यादे गेल्यामुळे डी८ वरचा वजीरही डी४ कडे रोखलेला आहे. आता काळा सी५ खेळतो आणि बी८ चा घोडा सी६ वर आणतो. पुढील खेळी सामान्यतः अशा होतात:

७. उं-सी४ सी५ ८. घो-ई२ घो-सी६ ९. उं-ई३ ओ-ओ १०. ओ-ओ

ओ-ओ म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट. या स्थितीत डी४ वर काळ्याचे चार दाब आहेत: सी५ चे प्यादे, सी६ चा घोडा, जी७ चा उंट आणि डी८ चा वजीर. पांढऱ्याचेही त्या घरावर चार जोर आहेत: सी३ चे प्यादे, ई२ चा घोडा, ई३ चा उंट आणि डी१ चा वजीर. हिशेब बरोबरीचा आहे. पण पांढऱ्याची चार मोहरी राखणीला बांधली गेली, हीच काळ्याची कमाई. जे केंद्र पांढऱ्याचे बळ म्हणून उभे राहिले तेच त्याची जबाबदारी होऊन बसते.

या बचावात वेळेला फार महत्त्व आहे. काळ्याने सी५ ची खेळी लांबवली, तर पांढरा किल्लेकोट करून एफ४ आणि एफ५ अशी प्यादी रेटतो किंवा डी५ खेळून काळ्याची मोहरी दाबून टाकतो. केंद्र सोडून देणे आणि त्यावर लगेच हल्ला करणे ही एकाच योजनेची दोन अंगे आहेत. पहिले केले आणि दुसरे राहिले, तर ती शरणागती ठरते.

किंग्ज इंडियन बचावाशी तुलना

पहिल्या दोन खेळी सारख्याच असल्यामुळे ग्रुनफेल्ड आणि किंग्ज इंडियन या दोन बचावांची गल्लत होते. किंग्ज इंडियनमध्ये काळा तिसऱ्या खेळीला उं-जी७ करतो, पांढऱ्याला ई४ खेळू देतो आणि स्वतः डी६ वर प्यादे ठेवून थांबतो. तेथे केंद्र बंद होण्याकडे कल असतो आणि काळ्याचा हल्ला पुष्कळदा पांढऱ्याच्या राजावर येतो. ग्रुनफेल्डमध्ये केंद्र उघडे राहते, मारामारी लवकर होते आणि काळ्याचे लक्ष्य राजा नसून डी४ चे प्यादे असते. डावाच्या शेवटच्या टप्प्यातही फरक पडतो. सी प्यादी मारली गेली की वजिराच्या बाजूला काळ्याची दोन प्यादी (ए आणि बी) पांढऱ्याच्या एका प्याद्यासमोर उरतात. त्यामुळे मोहरी कमी होत गेली तर काळ्याला तेथे प्यादे पुढे सोडवून नेण्याची संधी असते. पांढऱ्याची आशा मुख्यतः डी प्याद्यावर असते. ते डी५ वरून पुढे सरकले की काळ्याची मोहरी दुभंगतात.

इतिहास

देशी बुद्धिबळ आणि जी६ ची खेळी

भारतात प्रचलित असलेल्या देशी बुद्धिबळाचे नियम प्रांतोप्रांती वेगळे होते. तथापि दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी समान आढळत. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले आणि आजच्या पद्धतीचा किल्लेकोट नसे. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची चाल मिळे. महाराष्ट्रातही हीच रीत होती. एकाकी राजा उरल्यावर सुटणाऱ्या डावाला बुर्जी म्हणणे आणि मोहऱ्याला मिळालेल्या आधाराला जोर म्हणणे, ही देशी खेळातील परिभाषा जुन्या मराठी खेळाडूंच्या बोलण्यात पुढेही टिकून राहिली.

देशी आणि युरोपीय पद्धती एकमेकींजवळ येण्याची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सुरू झाली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यातील डावांच्या स्थिती युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून दिल्या होत्या.

प्यादे एकेक घर चालत असल्यामुळे देशी खेळात पहिल्याच खेळीत केंद्र व्यापणे शक्य नसे. खेळाडू आरंभी प्यादी एक घर पुढे सारून आपली मांडणी बांधत. जी६ आणि बी६ यांसारख्या लहान खेळी करून उंट कोपऱ्याच्या तिरप्या रेषेवर बसवणे हे त्या मांडणीत स्वाभाविक होते. युरोपात मात्र तेव्हा अशा खेळी मंद आणि अनियमित मानल्या जात.

महेशचंद्र आणि कॉक्रेन

स्कॉटिश वंशाचा वकील जॉन कॉक्रेन हा आपल्या काळातील नावाजलेला बुद्धिबळपटू होता. वकिलीच्या निमित्ताने त्याने अनेक वर्षे कलकत्त्यात घालवली. १८४८ च्या सुमारास त्याची गाठ महेशचंद्रांशी पडली. शहराबाहेरच्या मुलखात राहणारा आणि कधीही न हरलेला ब्राह्मण, अशी त्यांची ख्याती कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळात पोहोचली होती. त्यानंतर सुमारे बारा वर्षे दोघांमध्ये शेकडो डाव झाले. कॉक्रेन अधिक डाव जिंकत असे. पण त्याने महेशचंद्रांना समर्थ प्रतिस्पर्धी मानले आणि डाव टिपून ठेवले. पेट्रोव्ह बचावात घोड्याचे बलिदान देणारा 'कॉक्रेन गँबिट' हा प्रकारही त्याने १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच खेळला होता.

महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी खेळताना वारंवार जी६ आणि उं-जी७ ही मांडणी करत. याच डावांवरून या मांडणीला 'इंडियन बचाव' असे नाव पडले. १८८४ मध्ये ते नाव वापरात आल्याची नोंद आढळते. आज किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन अशा अनेक बचावांच्या नावांत जो 'इंडियन' शब्द येतो त्याचा उगम येथे आहे.

१८५५ चा डाव

मे १८५५ मध्ये कॉक्रेन (पांढरा) आणि महेशचंद्र (काळा) यांच्यात झालेला डाव असा:

१. डी४ घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ डी५ ४. ई३ उं-जी७ ५. घो-एफ३ ओ-ओ ६. सी×डी५ घो×डी५ ७. उं-ई२ घो×सी३ ८. बी×सी३ सी५ ९. ओ-ओ सी×डी४ १०. सी×डी४ घो-सी६ ११. उं-बी२ उं-जी४ १२. ह-सी१ ह-सी८ १३. उं-ए३ व-ए५ १४. व-बी३ ह(एफ)-ई८ १५. ह-सी५ व-बी६ १६. ह-बी५ व-डी८ १७. घो-जी५ उं×ई२ १८. घो×एफ७ घो-ए५

या स्थितीत पांढऱ्याला तीन खेळींत मात करता येते: १९. घो-एच६+ रा-एच८ २०. व-जी८+ ह×जी८ २१. घो-एफ७#. एकोणिसाव्या खेळीला घोडा आणि वजीर या दोघांचा दुहेरी शह लागतो, त्यामुळे राजाला हलावेच लागते. वजीर बळी देऊन हत्तीला जी८ वर ओढले जाते आणि स्वतःच्याच हत्ती, उंट व प्यादे यांनी वेढलेल्या राजाला घोडा मात देतो. राजा एफ८ वर गेला असता तरी २०. व-एफ७# ने मातच होते.

डाव काळ्याने गमावला. तरीही सातव्या खेळीपासून बाराव्या खेळीपर्यंतचा त्याचा खेळ लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. सी३ वर घोड्यांची मारामारी, लगेच सी५, डी४ च्या प्याद्यावर दाब आणणे, घो-सी६ आणि उं-जी४ ने त्याचे राखणदार बांधून ठेवणे, आणि सी पट्टीवर हत्ती आणणे, ही आजच्या ग्रुनफेल्ड बचावाचीच योजना आहे. पराभव सुरुवातीमुळे झाला नाही. सोळाव्या खेळीनंतरही काळा सावरलेला होता. सतराव्या खेळीला त्याने ई२ चा उंट मारला आणि एफ७ या नाजूक घराकडे दुर्लक्ष झाले. अठराव्या खेळीला पांढऱ्याच्या वजिरावर केलेला हल्ला उशिरा पडला.

अर्न्स्ट ग्रुनफेल्ड

या डावानंतर ६७ वर्षांनी तीच तिसरी खेळी युरोपातील स्पर्धांत दिसली. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड याचा जन्म १८९३ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. लहानपणीच त्याचा एक पाय गेला. बुद्धिबळाच्या सुरुवातींचा त्याचा व्यासंग दांडगा होता आणि त्याने डावांचा मोठा संग्रह केला होता. १९२२ मध्ये पिश्च्यान येथील स्पर्धेत फ्रिडरिख झेमिशविरुद्ध त्याने हा बचाव खेळून डाव बरोबरीत सोडवला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे त्याने पुढे विश्वविजेता झालेल्या अलेक्झांडर अलेखिनला याच बचावाने हरवले. त्या विजयामुळे बचावाकडे सर्वांचे लक्ष गेले.

हा काळ बुद्धिबळातील विचारांच्या उलथापालथीचा होता. रिचर्ड रेटी, आरॉन निम्झोविच, साव्हिएली टार्टाकोव्हर आणि ग्रुनफेल्ड यांसारखे खेळाडू केंद्रात प्यादी रोवण्याऐवजी दूरवरून मोहऱ्यांनी केंद्रावर ताबा ठेवण्याचा पुरस्कार करीत होते. या पंथाला अतिआधुनिक असे नाव मिळाले. महेशचंद्रांच्या खेळात हीच कल्पना आधी दिसते; मात्र ती त्यांनी लेखी मांडलेली नाही आणि त्यांच्या डावांपलीकडे दुसरे साधन उपलब्ध नाही. या बचावातील फाट्यांचा शोध घेऊन तो बरोबरीच्या खेळाडूंविरुद्ध टिकतो हे दाखवून देणे, हे ग्रुनफेल्डचे श्रेय होय. खेळींच्या अग्रक्रमाचे श्रेय मात्र ज्ञात पुराव्यानुसार कलकत्त्याच्या डावाकडे जाते.

प्रमुख प्रकार

विनिमय प्रकार

४. सी×डी५ घो×डी५ ५. ई४ घो×सी३ ६. बी×सी३ उं-जी७ हा सर्वांत थेट मार्ग. पूर्वी पांढरा उं-सी४ आणि घो-ई२ अशीच मांडणी करी. घोडा एफ३ वर आणला, तर उं-जी४ ने तो बांधला जाऊन डी४ ढिले पडते, अशी समजूत होती. पुढे ७. घो-एफ३ सी५ ८. ह-बी१ ही खेळी पुढे आली. तिच्यामुळे हत्ती जी७ च्या उंटाच्या माऱ्यातून बाजूला होतो आणि बी७ च्या प्याद्यावर दाब येतो. मग ८...ओ-ओ ९. उं-ई२ सी×डी४ १०. सी×डी४ व-ए५+ ११. उं-डी२ व×ए२ १२. ओ-ओ या मार्गाने काळा एक प्यादे मिळवतो. बदल्यात पांढऱ्याला मजबूत केंद्र आणि मोहऱ्यांची जलद हालचाल मिळते.

जुन्या मांडणीत १०...उं-जी४ ११. एफ३ घो-ए५ या खेळींनंतर १२. उं×एफ७+ असे प्यादे मारण्याचा मार्ग अनातोली कार्पोव्हने १९८७ च्या सेव्हिया येथील विश्वविजेतेपदाच्या लढतीत वापरला. म्हणून त्या उपप्रकाराला सेव्हिया प्रकार म्हणतात.

रशियन पद्धत

४. घो-एफ३ उं-जी७ ५. व-बी३ डी×सी४ ६. व×सी४ ओ-ओ ७. ई४. येथे पांढरा केंद्र मिळवतो, पण वजीर लवकर बाहेर काढतो. काळा त्या वजिराला हैराण करून वेळ कमावतो. ७...उं-जी४ हा स्मिस्लोव्हचा मार्ग, ७...ए६ हा हंगेरियन मार्ग, तर ७...घो-ए६ हा प्रिन्सच्या नावाने ओळखला जातो.

उं-एफ४ आणि उं-जी५

४. उं-एफ४ उं-जी७ ५. ई३ ही संयमी मांडणी आहे. तिच्यात ५...ओ-ओ ६. सी×डी५ घो×डी५ ७. घो×डी५ व×डी५ ८. उं×सी७ असे प्यादे देऊन काळा जलद हालचाल मिळवू शकतो. याला ग्रुनफेल्ड गँबिट म्हणतात. ४. उं-जी५ ला बहुधा ४...घो-ई४ हे उत्तर दिले जाते.

बगल देणारे प्रकार

३. जी३ खेळून पांढरा स्वतःचा उंट जी२ वर बसवतो आणि डी५ वर दाब आणतो. त्यानंतर काळ्याने डी५ खेळल्यास नव-ग्रुनफेल्ड प्रकार होतो. ३. एफ३ या खेळीमागे ई४ चे प्यादे आधाराने पुढे करण्याचा हेतू असतो.

महत्त्वाचे डाव

शतकातील डाव (१९५६): न्यूयॉर्क येथे १७ ऑक्टोबर १९५६ रोजी डोनाल्ड बायर्नविरुद्ध १३ वर्षांच्या बॉबी फिशरने काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव वेगळ्या क्रमाने ग्रुनफेल्डच्या स्थितीत आला. अकराव्या खेळीला फिशरने घोडा ए४ वर नेऊन बळी देऊ केला. सतराव्या खेळीला उं-ई६ खेळून त्याने वजीर सोडून दिला आणि एक्केचाळिसाव्या खेळीला मात केली. समीक्षक हान्स क्मोख याने या डावाला 'शतकातील डाव' म्हटले आणि ते नाव कायम राहिले.

बोटविनिक विरुद्ध फिशर (१९६२): वार्ना येथील ऑलिम्पियाडमध्ये विश्वविजेता मिखाईल बोटविनिकने स्मिस्लोव्हच्या मार्गाविरुद्ध घरी केलेली तयारी पटावर मांडली. फिशरने तिच्यातील उणीव बसल्या जागी शोधली. डाव अखेर बरोबरीत सुटला.

कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह: गॅरी कास्पारोव्हने १९८६ पासून कार्पोव्हविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतींत हा बचाव वारंवार वापरला. २००० मध्ये लंडन येथील लढतीच्या दुसऱ्या डावात व्लादिमिर क्रॅमनिकने विनिमय प्रकारात कास्पारोव्हचा ग्रुनफेल्ड मोडून काढला आणि पुढे ती लढतही जिंकली.

विश्वनाथन आनंद: आनंदच्या विश्वविजेतेपदाच्या लढतींत हा बचाव दोन्ही बाजूंनी आला. २४ एप्रिल २०१० रोजी सोफिया येथे व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात आनंदने काळ्या मोहऱ्यांनी ग्रुनफेल्ड निवडला. तयारीतील खेळींचा क्रम चुकून त्याचा राजा एफ७ वर गेला आणि टोपालोव्हने चोविसाव्या खेळीला एफ६ वर घोड्याचे बलिदान देऊन तीस खेळींत डाव जिंकला. आनंदने बचाव टाकून दिला नाही. दहाव्या डावात तो पुन्हा खेळून बरोबरी साधली आणि बारा डावांची लढत ६½–५½ अशी जिंकली. २०१२ मध्ये मॉस्को येथे बोरिस गेलफंडने आणि २०१४ मध्ये सोची येथे मॅग्नस कार्लसनने आनंदविरुद्ध पहिल्या डावात हाच बचाव वापरला. ते दोन्ही डाव बरोबरीत सुटले.

अलीकडच्या काळात रशियाचा पीटर स्विडलर आणि फ्रान्सचा माक्सिम व्हाशिए-लाग्राव्ह हे या बचावाचे प्रमुख उपासक मानले जातात.

गुण आणि मर्यादा

ग्रुनफेल्डमुळे काळ्याला सुरुवातीपासून सक्रिय खेळ मिळतो. उंटाची मोठी तिरपी रेषा, सी पट्टीवरचे हत्ती आणि वजिराच्या बाजूचे अधिकचे प्यादे हे त्याचे तीन आधार. डाव बरोबरीकडे नेण्याऐवजी जिंकण्यासाठी खेळू पाहणाऱ्यांना तो म्हणून आवडतो.

त्याची मुख्य अडचण पाठांतराची आहे. केंद्र उघडे असल्यामुळे अनेक उपप्रकारांत वीस-वीस खेळींपर्यंत नेमका मार्ग माहीत असावा लागतो आणि एक खेळी चुकली तरी भरपाई कठीण जाते. आनंदसारख्या खेळाडूच्या बाबतीतही २०१० मध्ये हेच घडले. दुसरे असे की, पांढऱ्याला डाव कोणत्या वळणाने न्यायचा याचे पर्याय पुष्कळ असतात, त्यामुळे काळ्याला सर्व प्रकारांची तयारी ठेवावी लागते.

नवशिक्यांकडून होणाऱ्या चुका सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात:

पाचव्या खेळीला घोडा सी३ वर न मारता बी६ वर माघारी नेणे. यामुळे पांढऱ्याचे केंद्र आयतेच उभे राहते आणि सी३ चे प्यादे लक्ष्य म्हणून मिळत नाही.

सी५ ची खेळी लांबवून आधी इतर मोहरी हलवणे.

जी७ चा उंट सहजासहजी बदलून टाकणे. हा उंट गेला की डी४ वरचा दाब ओसरतो आणि राजाभोवतीची काळी घरे उघडी पडतात.

मिळालेले मोहरे मारण्याच्या नादात एफ७ कडे दुर्लक्ष करणे. १८५५ च्या डावात नेमके हेच झाले होते.

हा बचाव शिकताना आधी योजना समजून घ्यावी आणि मग खेळी पाठ कराव्यात, असा क्रम प्रशिक्षक सुचवतात. डी४ वर आपले दाब किती आणि प्रतिस्पर्ध्याचे जोर किती हे प्रत्येक खेळीनंतर मोजण्याची सवय लागली, तर अनोळखी स्थितीतही योग्य खेळी सापडण्याची शक्यता वाढते.

हेही पहा

किंग्ज इंडियन बचाव
निम्झो-इंडियन बचाव
अलेखिन बचाव
सिसिलियन बचाव
महेशचंद्र बंद्योपाध्याय
जॉन कॉक्रेन
विश्वनाथन आनंद
बुद्धिबळ